भिंतीवरचे देवमासे

भिंतीवरून देवमासे चालले होते, म्हणून मी भिंतीला ठोसा मारला. वेड लागलं नव्हतं. भिंत आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. इस्पितळाची पांढरीफटक भिंत, साधं कॅलेंडरसुद्धा नसलेली. शेजारच्या दाराआड माझ्या धाकट्या भावाचा, हेईनचा, उजवा हात शिवत होते. दोन बोटं दोन होड्यांच्या मध्ये राहिली होती. मी बाकावर बसून भिंतीकडे बघत होतो, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर माणसं दिसली असती, आणि आज माणसांच्या तोंडावर माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला वाचायचं नव्हतं. तेवढ्यात ते आले. एक मोठा काळा, त्याच्यामागे चारपाच, आणि मागून पिल्लांचा चुरा. सकाळी समुद्रावर आले होते तसेच, त्याच रांगेत, त्याच आळसट चालीनं. मी नजर वर नेली, कळप वर गेला. खाली आणली, खाली आला. डावा डोळा तळव्यानं झाकला, कळप नाहीसा झाला. हात काढला, परत हजर. ज्या कळपासाठी सकाळी आमचं अर्धं टोर्शाव्न गाव हातातली कामं टाकून किनाऱ्याकडे धावत सुटलं होतं, तो समुद्रात नव्हताच. तो माझ्या डोळ्यात होता. मग मी मूठ वळली आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्याला हाणली, डोक्यावरच्या श्वासाच्या भोकामागे वीतभर, जिथं भाला घालायचा असतो नेमकं तिथं. बोटांच्या पेरांवरची कातडी फाटली. भिंतीवर लाल डाग पडला आणि कळप त्या डागातून शांतपणे पुढे निघून गेला.

"भिंतीनं काय घोडं मारलंय तुझं, याल्ग्रिम?" तूरी म्हणाली. ती तिथली परिचारिका. मी शहरातली तांबडी बस चालवतो आणि ती रोज सकाळी माझ्याच बसनं कामाला येते, पुढच्या सीटवर बसून विणते. तिनं मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि माझी मूठ बशीत धरून वरून पाणी ओतलं. झोंबलं. बरं वाटलं. सकाळपासून काहीतरी झोंबायला हवंच होतं.

आमच्याकडे समुद्रावर देवमाशांचा कळप दिसला की एकच शब्द ओरडतात, ग्रिंदाबो. तो शब्द कानावर पडला की शिक्षक फळा अर्धवट सोडतो, न्हावी गिऱ्हाइकाचं एक बाजूचं डोकं तसंच ठेवतो, आणि देवळात पाद्री असला तर तोही प्रार्थना आवरती घेतो. ज्याला कळप पहिल्यांदा दिसतो त्याचा मान मोठा. कळप मारला की सगळ्यात मोठ्या माशाचं डोकं त्याचं. आमच्या घराण्याला हा मान पिढ्यान् पिढ्या मिळत आलेला. माझ्या बापाला लोक नावानं हाक मारत नसत, 'डोळा' म्हणत. डोळा आला, डोळा गेला, डोळ्याची बायको, डोळ्याची पोरं. आणि सकाळी टेकडीवरच्या शेवटच्या थांब्यावर बस उभी करून मी कॉफी पीत होतो तेव्हा डोळ्याच्या पोरानं समुद्राकडे पाहिलं. समुद्र धुऊन पुसून ठेवलेल्या काचेसारखा लख्ख होता. समोरच्या नोल्सॉय बेटावरची एकेक मेंढी वेगळी दिसत होती. आणि बेटाच्या अलीकडे काळे ठिपके, रांगेनं, हळूहळू सरकणारे. छातीत असं काही उसळलं की कॉफी मांडीवर सांडली ते कळलंसुद्धा नाही. त्याआधी घरी दाढी करताना डोळ्यापुढे केस आल्यासारखं वाटलं होतं, दोनदा हात फिरवला तरी गेला नव्हता. टक्कल पडून मला इतकी वर्षं झाली, केस कुठून येणार? पण दाढी करताना माणूस एवढा विचार करत नाही. बसमध्ये म्हाताऱ्या बाया होत्या, शाळेची पोरं होती. मी दार उघडलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, "ग्रिंदाबो!" एका म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. पोरं उड्या मारत उतरली. माझा आवाज बापासारखा लागला होता, आणि त्या क्षणी मी इतका सुखी होतो की आता ते आठवलं तरी स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

पुढचं झालं ते माझ्या मानेमुळे. होड्या बंदरातून सुटल्या. शिकारीचा नायक खाली होडीत, मी वर टेकडीवर, आणि दोघांच्या मध्ये फोन. मी त्यांचे डोळे. "सरळ," मी म्हणालो. "अजून पुढे." मग कुणीतरी मला मागून हाक मारली म्हणून मी मान वळवली आणि परत समुद्राकडे पाहिलं, तर कळप दक्षिणेला. "वळले! दक्षिणेला वळले!" होड्या वळल्या. मी डोळे चोळले, कळप उत्तरेला. "परत फिरले, उत्तरेला धरा!" असे चलाख मासे जन्मात पाहिले नव्हते. फोनमधून सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळत होते, शिव्या, इंजिनं, आणि त्यात आपली होडी हाकणाऱ्या हेईनचा आवाज: "नीट सांग ना, धुक्यात काही दिसत नाही!" मी ओरडलो, "कसलं धुकं, डोळे उघड मेल्या!" मग मी पुन्हा "वळले!" म्हणालो, आणि वरून मला पाण्यावरच्या दोन पांढऱ्या रेघा कात्रीच्या पात्यांसारख्या जवळ येताना दिसल्या. आवाज वरपर्यंत आला नाही. फोनमधून आला. आधी लाकडाचा आणि मग भावाचा. तसा आवाज मी माशांच्या तोंडूनही ऐकलेला नाही, आणि मासे मी पुष्कळ मारले आहेत. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, आजूबाजूला शेपट्यांचे तडाखे चालू असताना, बोटांनी पाठ चाचपून मणक्याचा सांधा शोधायचा, भाला घालायचा, डावीउजवी एकेक हिसडा द्यायचा, आणि ते एवढं धूड हातातल्या हातात ढिलं पडतं. मग पाणी गरम होतं. आमच्या थंड समुद्रात पाय पहिल्यांदा तेव्हा ऊब धरतात. हे मला आवडतं. कुणी नाकं मुरडायची ती मुरडा, मला आवडतं. माझ्याकडे परवाना आहे, माझा हात चुकत नाही, मासा क्षणात मरतो. सकाळी होड्या मोकळ्या परत आल्या आणि एका होडीतून माझा भाऊ उतरवला तेव्हा धक्क्यावरचे दगड लाल झाले. किनाऱ्यावर भाले घेऊन उभे असलेले लोक आज तेवढंच रक्त बघून घरी गेले. नायक माझ्यासमोर येऊन थुंकला आणि म्हणाला, "तुझ्या माशांना शेपट्या होत्या का रे, डोळ्याच्या पोरा?"

"डोळ्यांचा फोटो शेवटचा कधी काढलास?" तूरीनं माझ्या बोटांना पट्टी गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"माझे डोळे चांगले आहेत."

"मी ते नाही विचारलं."

"बसच्या परवान्यासाठी तक्ता वाचतो मी. सगळ्यात खालची ओळ. उलटी म्हणून दाखवू?"

"म्हण. भिंतीवर काय होतं?"

ती पट्टीची गाठ मारून माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर दया वगैरे नव्हती, असती तर मी उठून गेलो असतो. "काळं काहीतरी तरंगतं?" ती म्हणाली. "डोळा फिरवला की फिरतं? आणि शुगर तुला किती वर्षं आहे, दहा? पंधरा? दर वर्षी बोलावतात, तू येत नाहीस, हेईन येत नाही. तुम्हा दोघा भावांना नजरेची केवढी घमेंड! अरे, साखर डोळ्याच्या मागे काम करते. तिथल्या शिरा सडतात, फुटतात, आणि फुटेपर्यंत दुखत नाही, खुपत नाही, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो. तक्ता नजर बघतो. फोटो डोळा बघतो. तुझ्या डोळ्यात रक्त सांडलंय, याल्ग्रिम."

रक्त सांडलंय. तिनं हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मला हसू फुटलं, आणि मग पट्टी बांधलेली मूठ टेबलावर आपटावीशी वाटली, आणि मी ती आपटली. म्हणजे शिकार झाली होती. मी बोंब ठोकली ती खोटी नव्हती. किनारा होता, लाल झालेलं पाणी होतं, फक्त मासा मी होतो, आणि मला कुणी कधी टोचलं ते कळलंसुद्धा नव्हतं. तूरी म्हणाली, डॉक्टर आजच बघतील, लेझरनं शिरा जाळतील, लागलं तर डोळ्यात सुई घालतील, उजवा डोळा तरी वाचेल, कदाचित डावाही. डोळ्यात सुई. मी विचारलं, "कुठं घालतात?" ती म्हणाली, "बुबुळापासून मोजून, थोडंसं बाजूला." म्हणजे तिथंही जागा ठरलेली असते. का कुणास ठाऊक, पण ते ऐकून मला जरा धीर आला.

आईला कुणी मोजून सुई घातली नाही. आईला साखर होती आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं, जसं छप्पर गळतंय हे माहीत असतं तसं. ती खिडकीशी बसायची. हाच किनारा, इस्पितळाच्या खालचा, सान्दाजेरीचा, आमच्या जुन्या घरातून दिसायचा. एक दिवस ती म्हणाली, आज धुकं फार दाटलंय. आमच्याकडे धुकं रोजचंच, कुणी मान वर करून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, धुकं उठलं नाही अजून. मग रोज. बाप म्हणायचा, "नाही उठलं. उठेल." भर उन्हाळ्यात खिडकीच्या काचा तापलेल्या असायच्या आणि तो म्हणायचा, "उठेल." तिला खरोखरच धुकं वाटत होतं का, ती आमच्यासाठी म्हणत होती का, हे मला अजून कळलेलं नाही. त्या वर्षी मी नऊ वर्षांचा होतो आणि मला पहिल्यांदा कळप दिसला. बापाच्या आधी. त्यानं मला खांद्यावर घेऊन बंदरापर्यंत नेलं, रस्ताभर ओरडत, "माझ्या पोराला दिसला!" मी किनाऱ्यावरून सगळं पाहिलं. बाप सुरा घेऊन कमरेइतक्या पाण्यात, पाणी काळ्याचं तांबडं होताना, एक मादी वाळूवर शेपूट आपटत असताना एका माणसाचा पाय मोडला तो कडकन आवाज, आणि ऊन, केवढं ऊन, लाल पाण्यावर डोळे दिपवणारं ऊन. संध्याकाळी आम्ही सगळ्यात मोठं डोकं गाडीवर घालून घरी आणलं. आई खिडकीशीच होती. चेहरा आमच्याकडे वळवून कौतुकानं म्हणाली, "एवढ्या धुक्यात मारलात होय रे?" आणि मी, आनंदानं फुगलेला मूर्ख, म्हणालो, "धुकं कुठंय आई? ऊन पडलंय!"

बापानं मला मारलं ते धुतलेल्या हातानं नाही. सुरा त्यानं नुकताच खाली ठेवला होता. माझ्या गालावर माशाचं रक्त चिकटलं, दाट, कोमट. हेईन तेव्हा पाच वर्षांचा, टेबलाखाली बसला होता, त्यानं ते पाहिलं आणि लगेच, कुणी न विचारता, मोठ्यांदा म्हणाला, "आई, बाहेर खूप धुकं आहे." बापानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आमच्या घरात त्या दिवशी दोन्ही पोरं काय ते शिकली. पुढे आई मरेपर्यंत आमच्या खिडकीत धुकं होतं, आणि ती चाचपडत जिन्यावरून पडली तेव्हाही लोकांना सांगितलं ते हेच, की धुकं होतं. जिना घरातला होता. कुणी विचारलं नाही, घरात धुकं कसं शिरलं.

पट्टी बांधून मी बाहेर आलो, तर बाकापाशी मार्ना उभी होती, हेईनची बायको. आडवी, उभी, कशीही बघा, बाई म्हणजे डोंगर. मला पाहिल्याबरोबर तिनं हातातला हेईनचा रबरी हातमोजा माझ्या छातीवर फेकून मारला. ओला. त्याची दोन बोटं चपटी झाली होती. "कुठं आहेत तुझे मासे?" ती म्हणाली. "आण ना. शेपूट आण एक. माझ्या नवऱ्याची दोन बोटं गेली, त्याच्या बदल्यात एक शेपूट तरी दाखव मला, कळपवाल्या!"

"मार्ना, ऐक."

"तुझं ऐकूनच झालं ना हे! वळले म्हणे, वळले! आणि वर ती होडीवरची टवाळ पोरं बोलताहेत, हेईन प्यायला होता. समोरून तांबडी होडी येतेय, सगळे ओरडताहेत, आणि हा सरळ तिच्यात. का, तर म्हणे धुकं होतं. कसलं धुकं रे? मी धक्क्यावर उभी होते, मला पलीकडच्या बेटावरची मेंढरं दिसत होती! माझा नवरा थेंबाला शिवत नाही, आणि आता सगळं गाव त्याला दारुडा म्हणणार!" आणि एवढ्या वेळ ओरडणारा तो डोंगर भिंतीला टेकला आणि रडायला लागला. नेमका माझ्या रक्ताच्या डागाशेजारी.

माझ्या हातात मोजा तसाच होता. मला आधी काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. सकाळी समुद्र काचेसारखा होता. फोनमधून त्याचा आवाज मी ऐकला होता, 'धुक्यात काही दिसत नाही', आणि त्याला मी काय म्हणालो होतो? डोळे उघड मेल्या. गेल्या हिवाळ्यात त्यानं माझ्या दाराचा खांब मोटारीनं ठोकला होता आणि आम्ही दोघं खोखो हसलो होतो. जेवताना बटाट्यावर मीठ घालायचं ते टेबलावर घालायचा. मार्ना म्हणायची, लक्ष कुठं असतं याचं. मुरंब्याची बरणी चमच्यानं अर्धी करायचा आणि म्हणायचा, शुगर गेली खड्ड्यात. मला राग आला. हेईनचा, माझा, बापाचा, त्या नऊ वर्षांच्या पोराचाही, की तो एक थप्पड खाऊन गप्प बसला. दोन भाऊ, एकाला नसलेलं दिसतं, दुसऱ्याला असलेलं दिसत नाही, आणि दोघंही डोळ्याची पोरं. हसावं तर कुणाला हसावं? गप्प बसलो तर मी गावात लबाड ठरतो आणि तो दारुडा, एवढंच. चार महिन्यांनी लोक विसरतील. बस राहील, भाल्याचा परवाना राहील, त्याची होडी त्याला राहील. तो ती होडी घेऊन एकटा समुद्रावर जाईल, आणि परत येणार नाही, आणि आम्ही म्हणू, धुकं होतं.

मी दार ढकलून आत गेलो. हेईन पलंगावर बसला होता, उजवा हात कापसाच्या गठ्ठ्यात, चेहरा मेणासारखा. खिडकी सान्दाजेरीकडे उघडत होती. खाली वाळूवर बाया पोरांना घेऊन बसल्या होत्या, एक कुत्रा लाटांवर भुंकत होता, आणि ऊन असं पडलं होतं की पलंगाचा लोखंडी दांडा तापला होता. मी त्यावर हात ठेवला होता म्हणून सांगतो.

"आलास," हेईन म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या आवाजाकडे बघत होता. आईसारखा. "तुझे मासे छान होते. मला एकही दिसला नाही."

"मासे नव्हतेच. माझ्या डोळ्यात रक्त आहे. शुगरचं. तूरी म्हणतेय, आज जाळतील."

त्यानं कापसाच्या गठ्ठ्यातला हात मांडीवर ओढून घेतला. मग हसला. "बरंय. मला वाटलं, मलाच दिसत नाहीयेत. धुकं एवढं होतं ना."

"हेईन."

"अजून आहे बघ. उठलंच नाही दिवसभर."

"हेईन, ऊन पडलंय."

त्याच्या चेहऱ्यावर काही हललं. टेबलाखालचं ते पाच वर्षांचं पोर क्षणभर मला दिसलं, घाबरलेलं, बापाच्या हाताकडे बघणारं. "धुकं आहे," तो हळू म्हणाला. सांगत होता की विनवत होता कोण जाणे. "म्हण ना, धुकं आहे. तुला म्हणायला काय जातं?"

"ऊन पडलंय. सकाळीही होतं. तुला तांबडी होडी दिसली नाही. तुला मी दिसत नाहीये."

"गप्प बस!"

"आईलाही धुकं नव्हतं."

त्यानं डाव्या हातानं सगळ्या ताकदीनिशी मला मारलं. मी हातभर अंतरावर होतो, हललो नव्हतो, आणि त्याचा हात माझ्या तोंडासमोरून हवेतून गेला आणि पलंगाच्या दांड्यावर आपटला. तो कळवळला. मग तसाच हात पसरून हवेत मला शोधायला लागला, आणि त्याचा श्वास आता असा चालला होता, जसा वाळूवर ओढलेल्या माशाचा चालतो. दारात मार्ना आणि तूरी येऊन उभ्या होत्या. दोघींनी पाहिलं. मार्नानं तोंडावर हात दाबून धरला.

मी पुढे झालो, त्याचा तो चाचपडणारा हात मनगटाला धरला आणि माझ्या गालावर आणून टेकवला. "इथं आहे मी," म्हणालो. "आता मार."

त्यानं मारलं. या वेळी नेमकं लागलं. कानात घण वाजला, डोळ्यातला कळप चहूकडे उधळला, तोंडात रक्ताची चव आली, माझ्याच. त्यानं पुन्हा हात उचलला आणि मी गाल तिथंच ठेवला.

"ऊन पडलंय," मी म्हणालो.